अर्धा फेर जास्त

“हलवा!” ट्रॅक्टरच्या खालून अंजूचा आवाज आला.

सीटवर बसलेल्या अमरनाथने स्टेरिंग डावीकडे-उजवीकडे हलवलं. ते अर्धा फेर फिरलं तरी पुढची चाकं जागची हलेनात. बारा गावचं पाणी प्यालेला जुना ट्रॅक्टर. घेतला तेव्हापासून तो असाच ढिला होता.

“स्टेरिंगचा बॉक्स गेलाय त्याचा,” अमरनाथ म्हणाला. दोन वर्षं तो आपल्या बायकोला हेच सांगत आला होता. “जुन्या गाडीचं असंच असतंय.”

“परत हलवा. हळू.”

साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून अंजू रानातच गोणपाटावर उताणी पडली होती. चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या टोकाला बॉल जॉइंटचा सांधा असतो, त्यावर तिने तळहात ठेवला होता. स्टेरिंग हललं की आधी तो सांधा खडखड करत वरखाली नाचायचा, दांडा मात्र गप्प. अंजूचं काळीज त्या सांध्यापेक्षा जोरात नाचायला लागलं.

“सापडलं! बॉक्स न्हाई, काई न्हाई. ह्यो सांधा झिजलाय नुस्ता!”

अमरनाथचा चेहरा उतरला. स्टेरिंग नीट झालं की पेरणी तू कर, असा शब्द त्याने तिला दिला होता. ते कधी नीट होणार नाही याची खात्री होती म्हणूनच दिला होता. अंजूने तो पदराला गाठ मारून ठेवला होता. आज ती गाठ सुटायची वेळ आली होती.

मोटरसायकलवर निलंग्याला जाऊन तो मुकाट्याने नवा सांधा घेऊन आला. जुना काढण्याआधी अंजूने कपाळाची टिकली काढून दांड्याच्या आट्यांवर चिकटवली. नवा सांधा नेमका तिथपर्यंतच फिरवायचा, नाहीतर पुढची चाकं तिरळी होतात. दोघांनी मिळून नट आवळला, पिन घातली, तिची टोकं वाकवली. मग अंजूने बाहेर येऊन जमिनीवरूनच हात वर केला आणि स्टेरिंगला एक बोट लावलं. चाकं हलली. लगेच हलली!

“अप्पा! बोटानं फिरायलंय, बोटानं!”

हरभऱ्याच्या बियाण्याच्या पोत्यावर टेकलेला तिचा सासरा गुंडप्पा उठून उभा राहिला. “मग बसा की कुणीतरी. रानातली ओल उडून चालली.”

अंजूने पायरीवर एक पाय ठेवला. तेवढ्यात अमरनाथ दुसऱ्या बाजूने चढून बसलासुद्धा.

“पेरणीचं पहिलं तास मी मारतो. नव्या कामाचा काय भरोसा? काई झालं-बिलं म्हंजे?”

अंजूला असा राग आला की हातातला पाना भिरकावून द्यावा. पण ओल खरंच उडत होती. तिने पाय खाली घेतला.

पेरणी यंत्र जमिनीला टेकलं, ट्रॅक्टर निघाला. थोडा उजवीकडे सरकला म्हणून अमरनाथने सवयीने अर्धा फेर जास्त दिला. त्याशिवाय ही गाडी कधी वळलीच नव्हती. आज ती थेट शेजारच्या तुरीत घुसली. घाबरून त्याने उलटा फेर दिला, तर ती बांधावर चढायला निघाली. परत डावीकडे, परत उजवीकडे.

“अहो, इतकं फिरवू नका!” हसू आवरत अंजू बाजूने पळत होती. “आता ते हळू सांगितलेलं बी ऐकायलंय!”

ट्रॅक्टर थांबला. मागे बघितलं तर तास कसलं, नागमोडी पायवाट! गुंडप्पाने कपाळाला हात लावला, बोटांना विभूती लागली.

“उतर खाली. येळवशीच्या सणाला समदा गोतावळा ह्या रानात जेवायला येतोय. पाव्हण्याला असली तासं दाखवायची का?”

“अप्पा, दोन वर्षं मीच चालवलोय ह्याला.”

“म्हणूनच उतर म्हणलो. तुझे हात त्या ढिल्या स्टेरिंगला लागलेत. तिच्या हाताला कसलीच सवय न्हाई.”

अंगणात मागेपुढे करण्यापलीकडे अंजूने ट्रॅक्टर कधी हाकला नव्हता. ती वर बसली. समोरच्या बांधावरच्या बाभळीवर तिने नजर लावली आणि क्लच सोडला. बाभूळ जवळ येऊ लागली. हात नुसते ठेवलेले. जरा मनात आलं की गाडी वळायची. इतका आनंद तिला कधी झाला नव्हता, अगदी लग्नातसुद्धा.

गुंडप्पा उकिडवा बसला, एक डोळा मिटून त्याने तासाकडे पाहिलं. “सुतात हाय!” तो ओरडला. “एकदम सरळ, सुतात!”

अमरनाथ चालत बांधापाशी जाऊन उभा राहिला होता. आता आपली पाळी, अशा थाटात त्याने हात वर केला. अंजूने यंत्र उचललं, एका दमात गाडी वळवली आणि त्याच्या समोरून पुढे निघाली.

पेरताना यंत्रामागून एका माणसाला चालावंच लागतं. नळी तुंबली तर बी पडत नाही. हे काम घरातल्या बाईचं, सगळ्या शिवारात.

“अहो!” इंजिनाच्या आवाजावरून अंजूची हाक आली. “मागून चाला! नळ्या बघा!”

अमरनाथने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेतात तिचा दुसरा कुणी ‘अहो’ नव्हता. मग त्याने गळ्यातला रुमाल सोडून नाकातोंडाला बांधला आणि धुळीत, यंत्राच्या मागून, वाकून नळ्या बघत चालायला लागला.