नवशिक्याला सोपं पडेल असं

"आता कुठे काही दाबू नकोस, मावशी. आपोआप होतंय," भाचा म्हणाला. पडद्यावरची निळी पट्टी हळूहळू पुढे सरकत होती. मावशी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती. ती काही दाबणार नव्हतीच.

कॉम्प्युटर तिचाच, जुना. काकांच्या माघारी धूळ खात पडलेला. चालू केला की घरघर करायचा आणि अर्ध्या वाटेत मान टाकायचा. थोरल्या बहिणीला अर्धांगाचा झटका आला, तिची वाचा गेली, तेव्हा मावशीला त्याची आठवण झाली. बहीण सातासमुद्रापार, लेकीकडे. फोनवर पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर मावशीच्या अधू डोळ्यांना तिचा चेहरा नीट दिसेना. मोठ्या पडद्यावर तरी दिसेल, म्हणून ती नवा कॉम्प्युटर आणायला निघाली होती. भाच्यानेच अडवलं. यात विंडोज काढून फुकटातलं, हलकं लिनक्स घातलं की हाच पळायला लागेल, चांगली वस्तू भंगारात कशाला, असं म्हणून तो कॉम्प्युटर उचलून आपल्या घरी घेऊन गेला.

घरात त्याला सगळे परीक्षक म्हणत. साधं पेन घ्यायचं तरी दुकानदाराचा कागद रेघोट्यांनी भरून टाकायचा. लिनक्सचे तर शंभर अवतार. मावशीसारख्या नवशिक्या माणसाला सोपं पडेल असंच हवं, हे त्याने मनाशी ठरवलं आणि एकेक बसवून बघू लागला. एक किचकट वाटलं. एकाची अक्षरं बारीक. एक देखणं होतं, पण जुन्या यंत्राला जड जाई. सोपं कोणतं, यावरून तो नेटवरच्या अनोळखी लोकांशी हमरीतुमरीवर आला.

मावशी फोन करून विचारायची, झालं का रे. तो म्हणायचा, जरा दम धर, एकदाच पण उत्तम करून देतो. एकदा ती हळूच म्हणाली, थोरली अजून माणसं ओळखते म्हणे. तो बरं म्हणाला. पुढे तिने विचारायचंच सोडलं. त्याला वाटलं, चला, आता निवांत करता येईल.

मग थोरली गेली.

पंधरवड्याने भाचा कॉम्प्युटर घेऊन मावशीकडे आला. रिकाम्या हाताने यायची त्याला लाज वाटली होती.

पट्टी भरली. यंत्र जराही कुरकुर न करता सुरू झालं. अक्षरं ठसठशीत, आवाज स्वच्छ, कॅमेराही लगेच लागला. मावशीने ठेवलेला चहा अजून निवला नव्हता. थोरलीच्या लेकीने पाठवलेला शेवटचा फोटो त्याने पडदाभर उघडला. मावशी पुढे झुकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"केस सगळे पांढरे झाले होते हिचे," ती म्हणाली. "मला कुणी बोललं नाही."

मावशीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मग शेवटी कुठलं पसंत पडलं तुला?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. पोरगं इतके दिवस ज्याच्यासाठी खपलं, ते विचारावं, एवढंच.

काहीही सांगितलं असतं तरी तिला कळलं नसतं. एक नाव त्याच्या जिभेवर आलंही होतं.

"पहिल्या दिवशी बसवून बघितलं होतं," तो म्हणाला, "तेच."