इथलंच माणूस

"ती विदेशी मॅडम इथंच राहते ना?" जिना चढून आलेल्या माणसानं धापा टाकत विचारलं.

"इथंच," इंदुताई म्हणाल्या. "चपला बाहेर काढा. बसा."

तो बसला. त्याचं नाव दौलतसिंह. परदेशी लोकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीतून तो तपासणीला आला होता. ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या ह्या माडीवर मुलांचा मराठीचा वर्ग भरे. तो चालवणाऱ्या परदेशी शिक्षिकेचा कामाचा परवाना महिनाअखेर संपत होता. आजचा अहवाल बरा गेला तर मुदत वाढणार, नाहीतर तिनं सामान बांधायचं. बसल्या बसल्या त्यानं हे सगळं सांगूनही टाकलं.

इंदुताईंनी मेथीची जुडी पुढ्यात ओढली. कोपऱ्यात वर्गातली छोटी श्रुती पाटीवर 'ळ' गिरवत होती.

"फाइल नाही आणलीत?"

"फाइल साहेबाच्या टेबलावर. मला फक्त पत्ता दिला. बोलले, जाऊन बघ अन् रिपोर्ट लाव." त्यानं घडीचा कागद काढला. "काकू, मॅडमला जरा बोलवून द्या ना."

"मॅडम कुठे पळून जात नाहीत. आधी चहा घ्या."

श्रुतीला हसू फुटलं.

"श्रुती, पाहुण्यांना पाणी आण," इंदुताई म्हणाल्या. पोर ओठ दाबून आत गेली.

चहाचा पहिला घोट घेऊन दौलतसिंह थांबला. "ह्यात काय घातलं? खुशबू वेगळी आहे."

"व्हॅनिला."

"आइसक्रीमवाला?"

"शेंगेचा. आमच्याकडे असाच करतात."

त्यानं आणखी एक घोट घेतला. वास काही वाईट नव्हता.

"एक विचारू?" इंदुताईंनी काडी बाजूला टाकली. "दोनदा कचेरीत बोलावलंत, दोनदा परत पाठवलंत. एकदा फोटो लहान, एकदा शिक्का पुसट. मराठी किती येते, हे मात्र कुणी विचारलं नाही."

"ते काय विचारायचं? किताब वाचून आली असेल. सच सांगतो काकू, बाहेरची बाई येऊन आपल्या मुलांना आपलीच भाषा शिकवणार, हे काही जमत नाही मला."

"तुमची मुलं घरी काय बोलतात?"

दौलतसिंहनं कप खाली ठेवला. "माझा ध्रुव तर आजीशीपण हिंदीत. ती मराठीत रागावते, हा 'हाँ दादी' बोलून निघून जातो."

"आणि तुम्ही?"

"मी बोलून राहिलोय ना आता."

"हो. ऐकतेय मी."

तो हसला, मग जरा ओशाळला. इंदुताई पुन्हा पानं खुडू लागल्या. खुडता खुडता गळ्यातून आपसूक ओवी आली, जुन्या लुगड्यासारखी मऊ:

उसाच्या गं रानामंदी, वारा घालितो हाका,
माय सांगे लेकीबाळी, बोली आपुली टाकू नका.

खाली टेम्पोवाला कंपू भागाकडे जाणाऱ्या सवाऱ्यांसाठी हाळी देत होता. दौलतसिंहला ती ऐकू आली नसावी.

"माझी आजी गायची असं," तो हळू म्हणाला. "ती गेली, तेव्हापासून आज ऐकलं. काकू, तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"पणजोबा रत्नागिरीकडचे. ऊस तोडायला म्हणून निघाले, ते परतलेच नाहीत."

"आमचे साताऱ्याचे. फौजेबरोबर आले. तेपण नाही परतले."

"म्हणजे सारखेच आपण."

"एकदम." त्यानं कागद मांडीवर सरळ केला आणि सुस्कारा सोडला. "हा एक सवाल आहे बघा. हे काम करणारं इथलंच माणूस मिळतं काय? मिळत असेल तर विदेशीचा परवाना कटला. मी तर विचार करत आलो होतो की मराठी शिकवणारं इथं कोण राहिलं? पण तुम्ही तर समोरच बसल्या."

इंदुताईंची बोटं थांबली. "माझं नाव घालणार?"

"तुमचंच. घरचीच बाई असताना बाहेरची कशाला? मॅडमला वाईट वाटेल, पण मी खरं तेच लिहिणार."

"मॅडम जाणार नाहीत."

"तुम्ही कशा सांगता?"

"सांगते. तुम्ही लिहा. पण नीट लिहा, मराठीत. आणि मोठ्यानं वाचा."

त्याला गंमत वाटली. अडखळत, काने-मात्रे इंदुताईंना विचारत त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "ह्या पत्त्यावर राहणाऱ्या बाईंशी मी समक्ष बोललो. अशी मराठी मी ग्वाल्हेरात ऐकली नाही. ह्या आपल्याच आहेत. मुलांना शिकवायला ह्याच हव्यात, दुसऱ्या कोणाची गरज नाही."

"'आपल्याच' खाली रेघ ओढा."

त्यानं ओढली.

"आता सही."

"नाव तर सांगा आधी."

"आधी सही. तुमच्या कचेरीनं शिकवलंय मला ते. सहीशिवाय कशालाच किंमत नाही."

दौलतसिंह मान हलवत हसला. सही केली, तारीख घातली, खिशातला शिक्का काढून फुंकर मारून उठवला. शिक्का ठसठशीत उमटला. पाण्याचा पेला घेऊन दारातच उभी राहिलेली श्रुती हसू दाबत होती.

"झालं. बोला काकू, नाव, जन्मगाव."

इंदुताईंनी हात पदराला पुसले आणि ताठ बसल्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "इंदुमती रामजी. जन्मगाव वाकवा. देश मॉरिशस."