बाबांच्या बाटल्या

बूच मधोमध तुटलं. वरचा तुकडा बूच काढायच्या पेचावर आला, खालचा बाटलीच्या गळ्यातच राहिला.

"झालं! सुरुवातच अशी," मालकीणबाई म्हणाल्या.

तिने पेच तिरका घातला आणि श्वास रोखून उरलेलं बूच सावकाश वर काढलं. हॉटेलच्या तळघरातल्या या लांब टेबलाशी हे काम आजवर बाबा करत आले होते. तीस वर्षं इथली वाइन त्यांनीच निवडली. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले होते आणि आज मालकीणबाईंनी त्यांच्या लेकीला बोलावलं होतं.

टेबलापलीकडे मालकीणबाईंनीच बोलावलेले एक पाहुणे बसले होते. वाइन चाखून निवाडा देणं हाच त्यांचा धंदा. निवाडा आज बाबांच्या बाटल्यांचा होता. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी इटलीहून बारोलो या लाल वाइनच्या चाळीस बाटल्या मागवल्या होत्या आणि "वीस वर्षं कोणी हात लावायचा नाही" असं बजावून आडव्या ठेवल्या होत्या. आता त्या मुरल्या होत्या की मेल्या होत्या? मेल्या असतील तर मांस शिजवायला स्वयंपाकघरात जाणार होत्या, आणि त्यांच्याबरोबर बाबांचं नावही.

तिने ओतली. रंग विटकरी, कडेला नारिंगी. पाहुण्यांनी पेला फिरवला, नाक आत घातलं, घोट तोंडात घोळवला आणि बादलीत थुंकला.

"विहिरीतला गाळ," ते म्हणाले. "संपली ही, बाईसाहेब. माणूस मोठा होता, पण इथे चुकला."

मालकीणबाई तिच्याकडे वळल्या. "तू बोल गं. बापाची लेक म्हणून नको बोलूस. खरं सांग."

तिने वास घेतला. गाळ होताच. ओलसर, कोंदट. पण त्याच्याखाली आणखी काहीतरी होतं, बंद दारामागे कोणी कुजबुजावं तसं. सवयीने तिची मान उजवीकडे वळली. बाबा तिथे उभे राहत.

लहानपणापासूनचा शिरस्ता होता तो. बाबा पेला तिच्या नाकाशी धरायचे. चाखायचं नाही, नुसता वास. "बोल," म्हणायचे. मनात येईल ते ती सांगायची. चामडं. कोरी वही. पावसात राहिलेलं लाकूड. मग बाबा स्वतः पेल्यात नाक घालून बराच वेळ थांबायचे आणि म्हणायचे, "बरोबर." तेवढं ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. तेच मग ते गिऱ्हाइकांना भारदस्त शब्दांत सांगत. घरी मात्र शेजारी दूध करपलं तरी त्यांचं डोकं पेपरातून वर यायचं नाही. "नाक हॉटेलातच ठेवून आलात वाटतं?" आई विचारायची.

आज उजवीकडे नुसती भिंत होती.

"थांबा," ती म्हणाली. "वीस मिनिटं. हिला हवा लागू दे."

"वीस मिनिटांत मेलेलं उठून बसतं का?" पाहुणे हसले.

"मेलेली नाही. झोपलीय."

मालकीणबाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तळघराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे किल्लीकाका म्हणत. ते दाराशी उभे होते. मालकीणबाईंचे आणि पाहुण्यांचे डोळे पेल्यावर होते, किल्लीकाकांचे तिच्यावर.

दहाव्या मिनिटाला तिने वास घेतला. गाळच. पंधराव्या मिनिटालाही गाळच. बापाच्या मायेपोटी आपण उगाच ताणतोय का? अठराव्या मिनिटाला तिने पुन्हा पेला उचलला, आणि हात तिथेच थांबला. सुकलेले गुलाब. त्यांच्या मागून डांबर, भर उन्हातल्या नव्या रस्त्याचं. तिने घोट घेतला. जीभ आवळली गेली, मग हळूहळू सैल सुटली.

"जिवंत आहे," ती म्हणाली.

पाहुण्यांनी पेला नाकाशी नेला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. मग घोट घेतला. मालकीणबाईंनी बादली पुढे सरकवली. पाहुण्यांनी ती हातानेच बाजूला केली आणि घोट गिळला.

"मी घाई केली," ते तिला म्हणाले. "माफ करा."

मालकीणबाई उठल्या. "बापाची जागा तुझी. सोमवारपासून ये."

"मला नाही जमणार."

"आता गं काय झालं?"

"आज निभावलं, बाई. बाबा तपासायचे म्हणून मी बिनधास्त बोलायचे. उद्या चुकले तर सांगणार कोण?"

"संध्याकाळपर्यंत विचार कर. नंतर मी दुसरं माणूस बघेन." मालकीणबाई पाहुण्यांना घेऊन वर गेल्या.

ती पेले गोळा करू लागली. किल्लीकाका टेबलाशी आले.

"लक्ष्मी चालून आली आणि तू तोंड धुवायला निघालीस?"

"काका, त्यांचं नाक कुठे आणि मी कुठे."

काका खुर्ची ओढून बसले. "नोकरी जाईल म्हणून कोणाला सांगू नको, अशी तुझ्या बाबांनी मला शपथ घातली होती. आता नोकरीही नाही आणि तेही नाहीत. याच जिन्यावरून पडले होते, आठवतं?"

"डोक्याला सात टाके. मी तिसरीत होते."

"टाके भरले. वास यायचा मात्र बंद झाला तो कायमचा, पोरी. पेल्यात नाक घालून मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे."

तिने हातातले पेले खाली ठेवले. तिने विचारलं, "मग या बाटल्या कोणी निवडल्या?"

"नमुन्याची बाटली उघडली तेव्हा तू चौथीत होतीस," काका म्हणाले. "वास घेतलास आणि म्हणालीस, 'हिला आत्ता उठवू नका बाबा, खूप रागावलीय.' त्यांनी त्याच दिवशी चाळीस मागवल्या."