सहाही काटे एकशे वीसवर

मुलीचे होणारे सासू-सासरे पहिल्यांदाच जेवायला येणार होते. "दुसरं काही शिजवायचं नाही," अशी बाबांनी आईला सक्त ताकीद दिली होती. धुरावर मांस भाजायची त्यांची भट्टी जाळाच्या बाजूला करपवायची आणि धुरांड्याच्या बाजूला कच्चं ठेवायची. महिनाभर खपून त्यांनी आत भोकांचा पत्रा बसवला, धुरांडं खाली घेतलं, फटी बुजवल्या. पाहुणे आले तेव्हा भट्टीत जागोजागी लावलेले सहाही थर्मामीटर एकशे वीस अंशांवर स्थिर होते.

"काढू का आता मांस?" आईने विचारलं.

"मांस ठेवलंच कुठे मी? ठेवलं की हवा अडते आणि काटे हलतात," बाबा म्हणाले.

आईला वाटलं, जमलेली सोयरीक मोडणार! मांस आत ठेवायला तिने भट्टीच्या झाकणाला हात घातला, तोच व्याही ताडकन उठले. "अहो विहीणबाई, उघडू नका! दहा अंश उतरतील!" आणि ते बाबांच्या शेजारी उकिडवे बसून काटे बघू लागले.

त्यांच्या बायकोने शांतपणे पिशवीतून भलामोठा डबा काढला. "मुलगा म्हणाला, तिचे बाबा भट्टी सुधारतायत. तेव्हाच मी सगळ्यांचा स्वयंपाक करून आणायचं ठरवलं. आमच्याकडेही असाच एक आहे."