बस्त्यावरचा नफा

जळालेल्या दुकानासमोर दोन खुर्च्या टाकून वामनरावांनी हिशेब मांडला. फुलसावंगीतलं देवीलालचं कापडाचं दुकान आता काळ्या भिंती आणि ओल्या राखेचा वास एवढंच उरलं होतं. विम्याच्या अर्जात जळालेल्या मालाची किंमत भरायची होती, आणि राख काही मोजून घेता येत नाही.

"सोपं आहे, देवीलालभाऊ," वामनराव म्हणाले. "वर्षाच्या सुरुवातीचा माल आणि खरेदी मिळून वीस लाख. विक्री पंधरा लाख. दरवर्षीसारखा रुपयामागे वीस पैसे नफा धरला, तर बारा लाखांचा माल विकला गेला. उरलेला आठ लाखांचा जळाला."

देवीलालने मान हलवली. "आठाचा नव्हता, साहेब. साडेसहाचा असन."

"कागद तर आठ म्हणतो."

"कागदाले काय मालूम? मागच्या होळीले माही पोरगी रंजिता वारली. लग्न दीड महिन्यावर होतं तिचं. तवापासून मी नवरीच्या बस्त्यावर नफा घेतला नाही. आणलं त्या भावात देऊन टाकलं. अर्धी विक्री तेच हाय, म्हंजे तेवढ्याच पैशात माल जास्त गेला."

व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिण्याच्या तीस वर्षांत वामनरावांनी नफा लपवणारे ढिगानं पाहिले होते. न घेतलेला नफा सांगणारा हा पहिलाच, तोही स्वतःच्या नुकसानीत. त्यांनी आवाज खाली आणला. "हे कोणी विचारणार नाही. दीड लाख जातील हातचे. दुकान परत उभं करायचं आहे ना?"

"कराचं हाय नं. पण तो माल नेसून पोरी सासरी गेल्या, साहेब. नवरीचा शालू जळाला म्हणून कसं लिहू?"

वामनरावांनी आठाचा आकडा खोडला. साडेसहा लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला. वैशाखात त्यांच्या लेकीचा, प्राचीचा बस्ता इथूनच नेला होता. शालूवर तासभर घासाघीस करून त्यांनी आठशे रुपये कमी करून घेतले होते, आणि ती बहादुरी अख्ख्या मांडवात सांगितली होती. त्यांना लाज वाटली.

"म्हणजे प्राचीच्या शालूत तुम्हाला तोटाच..."

"जाऊ द्या नं." देवीलाल राखेकडे पाहत होता. "रंजितासाठी आणलता तो. बरं झालं, तुम्ही नेला. दुकानात राह्यला असता, तं जळाला असता."