केळ्याचा वास

युद्धनौकेवर विषारी वायूचा हल्ला झाला तर मास्क गळका निघायला नको, म्हणून समुद्रात निघायच्या आदल्या दिवशी बंद खोलीत सगळ्यांची परीक्षा असते. मास्क चढवायचा, साहेब खोलीत केळ्याच्या वासाचं तेल शिंपडणार, आणि आत वास आला की मास्क नापास. पास झालेल्या मास्कला हिरवी फीत आणि माणसाला घरी एक रात्र. नापास झालेल्याने नवा मास्क मिळेपर्यंत जहाजावरच थांबायचं.

साहेब स्वतःही मास्क लावून एकेकाला विचारत होते, "वास येतोय?" जो तो मान हलवून नाही म्हणत होता.

एकटा आचारी म्हणाला, "येतोय साहेब. चांगल्या पिकलेल्या केळ्यांचा."

"याला जिथे तिथे खायचंच सुचतं," मागून कोणीतरी बोललं आणि खोली हसली.

साहेब मात्र गरजले, "जिवाशी खेळ आहे हा. घर काही पळून जात नाही. थांब इथेच."

बाकीचे भराभर धक्क्यावर उतरले. आचारी साहेबांची बॅग घेऊन शिडीपर्यंत आला.

"निघा साहेब, वहिनी वाट बघत असतील. बरं झालं तुम्ही विचारलंत. खरा वायू असता तर मी गेलोच होतो."

साहेबांना त्याच्याकडे बघवेना.

मागे खुंटीवर त्यांचा मास्क टांगला होता. त्याला हिरवी फीत त्यांनीच बांधली होती, आणि खोलीत तो चढवल्यापासून त्यांनाही केळ्याचा वास येत होता.