धुलाईखात्यातली पाहुणी

प्रशिक्षण द्यायला आलेली बाई काहीच शिकवत नव्हती आणि फौजदारीणबाईंना नेमकं तेच खटकत होतं.

फौजदारीण हे त्यांचं खरं नाव नव्हे. इस्पितळांचे कपडे धुणाऱ्या त्या कारखान्यात त्या धुलाईखात्याच्या प्रमुख. डाग चादरीवरचा असो की माणसाच्या मनातला, त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून हे नाव पडलं ते कायमचं चिकटलं.

पहिल्या सकाळी बाईनं सगळ्यांना जमवलं. "एकजुटीनं काम करा," म्हणाली, फळ्यावर एक गोल काढला आणि जांभई दिली. झालं शिक्षण! मग ती यंत्रांमधून नुसती हिंडत राहिली. कोणी जवळ आलं की फोनवरचं बोलणं मध्येच तोडायची. साहेबांच्या खोलीत शिरली की दार लावून घ्यायची. सुकवणीच्या यंत्रापाशी उभं राहून तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "इथल्या दोघी कमी झाल्या तर काम अडेल का हो?"

ही माणसं कमी करायला आलीय, हे फौजदारीणबाईंनी ताडलं.

दिवस आधीच वाईट होते. रक्ताचा डाग राहिलेला एक झगा थेट शस्त्रक्रियेच्या खोलीत पोचला होता. धुणाऱ्या म्हणाल्या, इस्त्रीवाल्यांचे डोळे कुठे गेले होते? इस्त्रीवाल्या म्हणाल्या, मुळात धुतला का नाही? इस्पितळानं बजावलं, पुन्हा असं झालं तर काम दुसरीकडे देऊ.

त्यात इस्त्रीखात्याची प्रमुख म्हणजे फौजदारीणबाईंची सख्खी नणंद. सासूच्या शेवटच्या आजारपणात कोणी किती केलं, यावरून दोघींचं बोलणं तुटलं होतं. सासू गेली, अबोला राहिला. त्या दोघींच्या पाठोपाठ दोन्ही खातीही एकमेकांवर फुगून बसली. ओल्या कपड्यांची गाडी दारापर्यंत ढकलायची, पुढे तुमचं तुम्ही बघा.

जेवणाच्या सुट्टीत फौजदारीणबाईंनी पाहिलं, तर बाई आणि नणंद कोपऱ्यात कुजबुजत होत्या.

"हं! घरभेदी सापडली," त्या पुटपुटल्या.

हात धुवायच्या जागी त्यांनी नणंदेला गाठलं. "काय लावून दिलंस माझ्याबद्दल?"

"मी?" नणंद उसळली. "तीच म्हणाली, तुमच्या वहिनी फार काही काही सांगतात तुमच्याविषयी. काय सांगितलंस ते बोल आधी!"

"देवाशपथ, मी तिच्यापुढे तोंड उघडलेलं नाही."

नणंदेनं वाहता नळ बंद केला.

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली. कितीतरी काळानं तिच्या तोंडी तो शब्द आला होता. "ही आपल्यात काडी टाकतेय गं."

"आणि आपण भांडलो की एकेकीला नारळ देणार. भांडण घरी करू. हिला इथे फट दिसता कामा नये."

तिथून चक्रं फिरली. इस्त्रीवाल्या सकाळी धुलाईत येऊन कपडे निवडू लागल्या. धुणाऱ्या इस्त्री शिकल्या. सगळ्यांना सगळं येत असेल तर जादा कोण ठरणार? डाग दिसला तर चूक कोणाची हे नंतर, आधी कपडा मागे, असा नियम झाला. फौजदारीणबाईंनी तो ठणकावून सांगितला आणि स्वतः पहिल्यांदा पाळला. एकदा नणंदेचा हात भाजला तेव्हा त्या न बोलावता तिच्या जागी उभ्या राहिल्या. बाई समोरच होती. बघितलं, न बघितल्यासारखं केलं, निघून गेली.

"चेहरा वाचता येत नाही मेलीचा," त्या नणंदेच्या हाताला मलम लावताना म्हणाल्या.

इस्पितळाच्या तक्रारी थांबल्या. साहेबांनी त्यांचा तो नियम मोठ्या अक्षरात भिंतीवर लावला. बाईची मुदत संपली आणि कोणालाही काढलं नाही. हे तर फौजदारीणबाईंना अजूनच संशयास्पद वाटलं. बाई निघाली तशा त्या फाटकापर्यंत मागे गेल्या.

"बाई, आता तरी खरं सांगा. कोणाकोणाची नावं दिलीत?"

"कोणाचीच नाही. कोणाला काढायचं नव्हतंच."

"मग इतके दिवस केलंत काय? शिकवलं तर कवडीचं नाही!"

बाई पहिल्यांदाच मोकळी हसली. "पुढच्या कारखान्यात माझ्याबरोबर याल? तिथली भांडणं फार जुनी आहेत, मी एकटी पुरणार नाही. तुमच्या साहेबांची हरकत नाही, मी विचारलंय."

फौजदारीणबाई गडबडल्या. "मी? अहो, मला कुठे शिकवता येतंय!"

"शिकवायचं नाहीच," बाई म्हणाली. "सगळ्यांना तुमचा संशय येईल, एवढंच बघायचं."